राष्ट्रध्वज : कापड, रंग आणि चक्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जानेवारी महिन्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्याआधी साहित्याचे जाणकार बोलून गेले, नाट्यसंगीताचे मर्मज्ञ बोलून गेले. त्यांच्यानंतर, उभी हयात फायलींच्या गठ्ठ्यांत घालविलेल्या एका केंद्र सरकारी नोकराला या व्यासपीठावर उभे करण्याचे धाडस मंडळाने केले आहे. त्याबद्दल मंडळाचे आभार मानावेत की आपणा श्रोत्यांची आधीच क्षमा मागून ठेवावी, हे आम्हाला अद्याप ठरविता आलेले नाही. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नाही. बी. ए. ची पदवी पदरात पडली, नोकरी लागली आणि बदल्यांच्या ओघात वाहत वाहत या शहराच्या काठाला लागलो, एवढाच आमचा परिचय.

विषय मात्र आम्ही शोधला नाही, तो आपण होऊन आमच्याकडे आला. कार्यकारिणीच्या मागील बैठकीत एक लहानसा प्रश्न निघाला. येत्या प्रजासत्ताकदिनी सुवर्णमहोत्सवाचा मुख्य सोहळा. त्या दिवशीच्या ध्वजवंदनासाठी नवा ध्वज घ्यावयाचा, तो कोणता घ्यावा? चिटणीसांनी पॉलिएस्टरच्या ध्वजाचा दर वाचून दाखविला, कोषाध्यक्षांनी समाधानाने मान डोलाविली आणि ठराव पुढे सरकणार, इतक्यात आम्ही म्हणालो की ध्वज खादीचाच असावा. तेव्हा एका तरुण सभासदाने अगदी सरळपणे विचारले, "का, काका? आता दोन्ही कायद्याने चालतात ना?"

प्रश्न रास्त होता. आम्ही काहीतरी पुटपुटलो, घड्याळाकडे पाहिले आणि विषय पुढील बैठकीवर गेला. पण घरी आल्यावर तो 'का' आमच्या मानगुटीवर बसला. आजचे भाषण म्हणजे त्या दिवशी न दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

उत्तरापूर्वी एक कबुली देणे आवश्यक आहे. कारण ध्वजाविषयी चार शब्द बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे उद्या कोणी विचारील, आणि खरे सांगावयाचे तर तो अधिकार एका चुकीतून आलेला आहे.

आमच्या नोकरीच्या पहिल्या दशकातली ही हकीकत. गाव आणि कार्यालय यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रजासत्ताकदिनाच्या समारंभाची व्यवस्था त्या वर्षी आमच्याकडे होती. खुर्च्या, पाहुणे, शाळेतील मुले, लाडू, सर्व गोष्टींची यादी करून आम्ही तीवर सही केली होती. ध्वज बांधण्याचे काम मात्र एक वृद्ध शिपाई वर्षानुवर्षे करीत असत. आदल्या संध्याकाळी ध्वजाची घडी करून, आत फुलांच्या पाकळ्या ठेवून, ती स्तंभाच्या टोकाशी बांधावयाची आणि सकाळी दोरी ओढताच ध्वज उलगडावा, अशी ती पद्धत. त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे आम्हाला ठाऊक होते. तरीही संध्याकाळच्या अंधूक उजेडात त्यांनी बांधलेली गाठ तपासण्यास आम्ही गेलो नाही. आम्ही लाडू मोजीत होतो.

सकाळी साहेबांनी दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, मुलांनी राष्ट्रगीत सुरू केले आणि सर्वांच्या लक्षात आले की हिरवा पट्टा वर आहे व केशरी खाली. राष्ट्रगीत चालू असता कोणी हलू शकत नव्हते. एरवी मिनिटाच्या आत संपणारे राष्ट्रगीत त्या दिवशी किती लांबले, हे आम्हीच जाणतो. ध्वज खाली उतरवून पुन्हा नीट चढविण्यात आला, लाडू वाटले गेले आणि दोन दिवसांनी लेखी खुलासा मागविणारा कागद आमच्या टेबलावर आला. खुलाशात आम्ही एक वाक्य लिहिले : "ध्वजाची बांधणी शिपायाने केली होती." हे वाक्य खोटे नव्हते. त्या खऱ्या वाक्यामुळे त्या गृहस्थांची एक वेतनवाढ रोखली गेली. पुढील वर्षी ते निवृत्त झाले. आम्हाला ते त्याबद्दल एका शब्दानेही बोलले नाहीत. निरोपसमारंभात त्यांनी आम्हाला नमस्कार केला, तो आमच्याने नीट घेववला नाही.

त्यानंतर राष्ट्रध्वजाविषयी जे जे हाती लागेल ते वाचण्याची आम्हाला सवय लागली. त्या वाचनातील काही गोष्टी आज आपणापुढे ठेवतो.

आपणांपैकी पुष्कळजण सुट्टीत पुण्यास जातात. तेथे केसरी-मराठा संस्थेच्या ग्रंथालयात एक जुना ध्वज जपून ठेवलेला आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये जर्मनीतील स्टुटगार्ट येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मादाम भिकाजी कामा यांनी हिंदुस्थानचा म्हणून जो तिरंगी ध्वज उभारला, तोच हा ध्वज. पुढे गुजरातचे इंदुलाल याज्ञिक यांनी तो गुपचूप मायदेशी आणला. त्याच्या मधल्या पट्ट्यावर देवनागरी अक्षरांत 'वंदे मातरम्' आहे. आजच्या तिरंग्याशी त्याचे नाते दूरचे आहे, हे खरे. रंग निराळे, चिन्हे निराळी. परंतु परदेशात, परक्यांच्या सभेत, आपल्या देशाची ओळख सांगण्यासाठी एका बाईला एक कापड हातात धरावेसे वाटले, यातील भावना घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना समजावून सांगावी लागणार नाही.

आजच्या ध्वजाची खरी कुळकथा सुरू होते ती १९२१ साली, बेझवाडा म्हणजे आजचे विजयवाडा येथे. आंध्रातील पिंगळी वेंकय्या यांनी काँग्रेस महासमितीच्या बैठकीच्या वेळी गांधीजींना तांबड्या आणि हिरव्या रंगांचा ध्वज दाखविला. जालंधरचे लाला हंसराज यांनी चरख्याची सूचना केलेली होती, आणि गांधीजींनी पांढरा पट्टा जोडावयास सांगितले. त्या वेळी रंगांचा अर्थ उघड उघड जमातींवरून लावला जात असे : तांबडा हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सर्वांचा. हेतू ऐक्याचा होता, पण ही वाटणीच पुढे डोकेदुखी ठरली. कारण रंग वाटून द्यावयास लागले की आमचा रंग कोठे, असे विचारणारे निघणारच, आणि तसे ते निघाले.

तत्पूर्वी नागपूरने या ध्वजाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती सांगितली पाहिजे. १९२३ साली जबलपूरला नगरपालिकेच्या इमारतीवर हा ध्वज लावण्यावरून ठिणगी पडली आणि १ मे पासून नागपूरला झेंडा सत्याग्रह सुरू झाला. मागणी किती साधी होती पाहा. हातात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या वस्तीतून, शांतपणे चालत जाऊ द्या, एवढीच. त्यासाठी रोज तुकड्या निघत आणि रोज पकडल्या जात. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली आणि १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासह त्या रस्त्याने पार झाली.

या सत्याग्रहातून एक धागा थेट आपल्या भागात येतो. तुरुंगातील हाल सोसवेनात म्हणून काही सत्याग्रही माफी लिहून देऊन सुटले. हुबळीच्या सेवा मंडळाच्या स्वयंसेवकांनी मात्र माफी मागितली नाही. या मंडळाचे संस्थापक डॉ. ना. सु. हर्डीकर. त्यांच्याच पुढाकाराने त्या वर्षअखेरीस काकीनाडा काँग्रेसच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दलाची स्थापना झाली, आणि दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी ध्वजवंदन करण्याची प्रथा सेवा दलाने रूढ केली. आपल्याकडे ध्वजवंदन म्हटले की जी शिस्त, जी रांग, जो सावधान पवित्रा डोळ्यांपुढे येतो, त्याची घडण बरीचशी तेथली आहे.

१९३१ साली कराची काँग्रेसनंतर रंगांचा वाद मिटविण्यासाठी सात जणांची ध्वज समिती नेमण्यात आली. पटेल, नेहरू, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग, निमंत्रक पट्टाभी सीतारामय्या हे पाच. आणि उरलेले दोघे म्हणजे आपले हे हुबळीचे हर्डीकर आणि दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजेच काकासाहेब कालेलकर. काकासाहेबांचा जन्म सातारचा, आडनाव सावंतवाडीकडचे, आणि लेखणी अशी की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणावे. परप्रांतात राहून तेथील भाषा आपलीशी केलेल्या या मराठी माणसाची आठवण या सभागृहात विशेष अगत्याने काढावीशी वाटते. (आमचे कन्नड अजून बस कंडक्टरपुरतेच आहे, ही कबुली त्यातच उरकून घेतो.)

या समितीने काय सुचविले? संपूर्ण ध्वज एकाच केशरी रंगाचा, आणि वरच्या कोपऱ्यात तांबूस तपकिरी चरखा! महासमितीने ही शिफारस स्वीकारली नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा असे तीन पट्टे आणि पांढऱ्यावर निळा चरखा हे रूप ठरले. महत्त्वाचे हे की त्याच वेळी स्पष्टपणे नमूद करण्यात आले की या रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही. केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा सत्य व शांतीचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा. आपण शाळेत घोकलेले अर्थ ते हेच. पण ज्यांनी ते घोकले त्यांना हे सांगितले गेले नाही की हे अर्थ भांडण मिटविण्यासाठी, पुष्कळ पत्रव्यवहार आणि एका समितीची फेटाळलेली शिफारस यांनंतर ठरले. आम्हाला तर त्यामुळे हे रंग अधिकच जवळचे वाटतात. आम्ही आयुष्यभर समित्यांचे अहवाल पाहत आलो आहोत. इतका चांगला शेवट फार थोड्या अहवालांना लाभतो.

आता आपण ज्या संस्थानच्या भूमीवर बसलो आहोत तिकडे वळू. बंगळूरहून म्हैसूरला जाताना मद्दूरवड्यासाठी थांबला नाही असा मराठी माणूस आमच्या पाहण्यात नाही. त्या मद्दूरच्या लगत, हमरस्त्यावरच, शिवपूर आहे. तेथील ध्वजसत्याग्रह सौध ही वास्तू आपण गाडीच्या काचेतून पाहिली असेल. एप्रिल १९३८ मध्ये म्हैसूर काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले आणि बंदीहुकूम मोडून टी. सिद्धलिंगय्या यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय ध्वज उभारण्यात आला. अटका झाल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २५ एप्रिल १९३८ रोजी, गौरीबिदनूरजवळील विदुराश्वत्थ येथे घडू नये ते घडले. महाभारतातील विदुराने लाविलेल्या अश्वत्थावरून ओळखले जाणारे हे क्षेत्र, यात्रेचे दिवस, बायकामुलांसह जमलेले लोक, ध्वज उभारण्यास मनाई, आणि त्या जमावावर पोलिसांचा गोळीबार. मृतांच्या संख्येविषयी सरकारी आकडा आणि लोकांचा आकडा यांत मोठी तफावत राहिली. दक्षिणेतील जालियनवाला बाग असे त्या जागेला म्हणतात. येथून ती शंभर किलोमीटरच्या आत आहे. मंडळाच्या इतक्या सहली निघाल्या, नंदीच्या डोंगरावर तर आपण नेमाने जातो. विदुराश्वत्थाला मात्र आपली एकही सहल गेल्याचे जुन्या अहवालांत आम्हाला आढळले नाही.

त्या गोळीबारानंतर सरदार पटेल व आचार्य कृपलानी येथे आले, दिवाण सर मिर्झा इस्माईल यांच्याशी बोलणे झाले आणि तडजोड अशी निघाली की संस्थानचा ध्वज आणि काँग्रेसचा ध्वज दोन्ही एकत्र उभारावेत. या तडजोडीकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

२३ जून १९४७ रोजी संविधान सभेने डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली ध्वजासाठी समिती नेमली. तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते, मौलाना आझाद, राजगोपालाचारी, सरोजिनी नायडू, मुन्शी होते. २२ जुलैला पंडित नेहरूंनी ठराव मांडला. त्या दिवशी त्यांनी सभागृहात दोन ध्वज दाखविले होते, एक रेशमी खादीचा व एक सुती खादीचा. समाजात असा समज आहे की त्या दिवशी चरखा काढून टाकण्यात आला व त्याच्या जागी अशोकचक्र आले. आम्हीही अनेक वर्षे असेच समजत होतो. पण ठरावाचे शब्द काळजीपूर्वक वाचावेत. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी गडद निळ्या रंगाचे चक्र असेल आणि ते चरख्याचे निदर्शक असेल, असे ठराव म्हणतो. त्या चक्राची आकृती सारनाथच्या सिंहस्तंभावरील चक्राची असेल, हे त्यानंतर येते. म्हणजे चरखा गेला नाही. चरख्याचे चाक राहिले. कारणही मोठे व्यवहारी होते. संपूर्ण चरख्याचे चित्र ध्वजाच्या एका बाजूस सुलट दिसले तर दुसऱ्या बाजूने उलट दिसते. चाक दोन्हीकडून सारखेच. गांधीजींना हा बदल प्रथम रुचला नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. चोवीस आऱ्यांचे आज चोवीस अर्थ सांगितले जातात. मूळ ठरावात आऱ्यांची संख्यासुद्धा नाही, ती सारनाथच्या शिल्पातून आली. त्याच चर्चेत डॉ. राधाकृष्णन यांनी रंगांचा अर्थ अधिक खोल केला : केशरी म्हणजे अनासक्ती, पांढरा म्हणजे सत्याच्या वाटेवरील प्रकाश, हिरवा म्हणजे ज्या मातीतून सर्व जीवन उगवते तिच्याशी आपले नाते, आणि चक्र म्हणजे धर्म आणि गती. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री भारतातील स्त्रियांच्या वतीने हंसा मेहता यांनी राष्ट्रध्वज संविधान सभेला अर्पण केला.

ध्वज ठरला, पण तो शिवावयाचा कोणी आणि कसा? आमच्यासारख्या कारकुनी प्रकृतीच्या माणसाला सर्वांत आनंद देणारी गोष्ट येथे आहे. भारतीय मानक संस्थेने देशातील वस्तूंसाठी जी मानके तयार केली, त्यांतील पहिल्या क्रमांकाचे मानक कशाचे असेल? सिमेंटचे नव्हे, पोलादाचे नव्हे. आय. एस. क्रमांक १, सन १९५१, हे राष्ट्रध्वजाचे मानक आहे. १९६४ साली ते मेट्रिक मापांत सुधारले गेले. नऊ आकार ठरलेले आहेत. सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सर्वांत लहान म्हणजे टेबलावरचा १५० बाय १००. मोटारीवरचा २२५ बाय १५०. लांबी व रुंदी यांचे प्रमाण नेहमी ३:२. सूत कसे, वीण कशी, रंग किती पक्का, चक्राचा व्यास किती, शिवण कशी, सर्व काही त्यात आहे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त हुबळीस गेलो असता बेंगेरी भागातील कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचे केंद्र आम्ही मुद्दाम वेळ काढून पाहिले. ही संस्था १ नोव्हेंबर १९५७ ची. मानक संस्थेचा शिक्का असलेले ध्वज तेथे तयार होतात. कापड धारवाड आणि बागलकोट जिल्ह्यांतील मागांवरून येते. धारवाडजवळचे गरग हे गाव तर ध्वजाच्या कापडासाठीच ओळखले जाते. (महाराष्ट्रात हेच काम नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती करते, हे नांदेडकरांनी आम्हास क्षमा करून ऐकावे.) कताई, विणाई, रंग, चक्राची छपाई, शिवण, इस्त्री, बांधणी, असा तो क्रम. काम करणाऱ्या बहुतेक सर्व स्त्रिया. चक्र पांढऱ्या कापडावर दोन्ही बाजूंनी छापावे लागते आणि दोन्ही चक्रे एकमेकांवर तंतोतंत बसावी लागतात. एक बाई छापलेला तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरून पाहत होत्या. आम्ही विचारले, काय पाहता? त्या हुबळीकडच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "मागचा आरा पुढनं दिसायला नको." आणि एक तुकडा त्यांनी बाजूला टाकला. आम्हाला त्यात दोष दिसला नव्हता.

तेथेच आम्हाला ध्वजाच्या दोरीतील लाकडी खुंटी दाखविण्यात आली. ध्वजाच्या काठाला जाड कापडाची पट्टी असते, तीतून दोरी ओवलेली असते, आणि वरच्या टोकाला ही बोटाएवढी खुंटी. खुंटी जेथे, तेथे केशरी. डोळे मिटूनही ध्वजाची वरची बाजू हाताला कळावी, यासाठी जणू ती केलेली आहे. मोतीबिंदू झालेल्या माणसालाही ती चाचपता आली असती. त्या वर्षी आमच्या कार्यालयातील ध्वज जुना होता आणि त्याची खुंटी तुटून गेलेली होती. नवीन ध्वजाच्या मागणीचा कागद आमच्याच टेबलावर दोन महिने पडून होता. हे आम्ही खुलाशात लिहिले नव्हते.

असो. आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे येतो.

आमच्या लहानपणी सामान्य नागरिकाला आपल्या घरावर वर्षभर राष्ट्रध्वज लावता येत नसे. काही राष्ट्रीय दिवसांपुरतीच मोकळीक असे. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता आली, आणि २३ जानेवारी २००४ रोजी नवीन जिंदल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सन्मानपूर्वक ध्वज फडकाविणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेले व पॉलिएस्टरचेही ध्वज मान्य झाले. जुलै २०२२ मध्ये नागरिकांना रात्रीही ध्वज लावण्याची परवानगी मिळाली आणि त्याच ऑगस्टमध्ये घरोघरी तिरंगा लागला. हुबळीच्या संस्थेने पॉलिएस्टरच्या परवानगीचा उघड निषेध केला. त्यांच्या दृष्टीने तो पोटाचा प्रश्न होता.

या बदलाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांत आम्ही नाही. आमच्या घरी कामास येणाऱ्या बाईंनी त्या ऑगस्टमध्ये आपल्या पत्र्याच्या खोलीवर ध्वज लावला आणि त्याचे छायाचित्र आम्हाला कौतुकाने दाखविले. तो पॉलिएस्टरचाच होता. खादीचा घ्या, असे त्यांना सांगण्याची आमची प्राज्ञा नाही. उंचच उंच स्तंभांचेही तसेच. बेळगावच्या किल्ला तलावाकाठी २०१८ साली ११० मीटरचा ध्वजस्तंभ उभा राहिला. तेवढ्या उंचीवरील वाऱ्यात खादी टिकाव धरणार नाही. (उंचीची ही शर्यत कोठे थांबणार, हा प्रश्न निराळा.)

परंतु पन्नास वर्षे टिकलेल्या संस्थेचे काय? तिला दरातील फरक परवडतो. आणि ठरावाचे ते शब्द एकदा वाचल्यावर आमच्या मनातून जात नाहीत. ध्वजावरील चाक चरख्याचे निदर्शक आहे. ज्या कापडाच्या एकाही धाग्याला चरखा ठाऊक नाही, त्या कापडावर चरख्याची खूण छापावयाची, यात कायद्याने काही वावगे नाही. पण खुणेचा आणि कापडाचा संबंध तुटतो. आमचे ते खुलाशातील वाक्यही कायद्याने वावगे नव्हते. मित्रा, तुझ्या 'का'ला आमच्याजवळ याहून मोठे उत्तर नाही. ते तुला पटावे असा आग्रहही नाही.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख टाळणे बरे दिसणार नाही, कारण ती आपल्या सर्वांच्या मनात असते. नोव्हेंबर महिना आला की हे शहर लाल-पिवळ्या ध्वजांनी भरून जाते. तो ध्वज १९६० च्या दशकात म. राममूर्ती यांनी पुढे आणला. राज्याचा अधिकृत ध्वज असावा म्हणून २०१८ मध्ये येथील सरकारने एक नवी आकृतीही मांडली होती. आपल्या काही कुटुंबांना त्या दिवसांत उगाच अवघडल्यासारखे होते, तर काहींच्या घरी भगवा जपून ठेवलेला असतो. सीमेकडील बातम्या आल्या की दोन्ही बाजूंचे आवाज चढतात. अशा वेळी आम्हाला १९३८ ची ती तडजोड आठवते. इतकी माणसे पडल्यावर शहाण्या माणसांनी जे ठरविले ते एवढेच की दोन ध्वज शेजारी शेजारी उभे राहू शकतात. राष्ट्रध्वजाचा मान पहिला, हे संहितेत आहेच. राष्ट्रध्वजाच्या अगदी शेजारी दुसरा ध्वज लावू नये, असेही संहिता म्हणते. आपल्या मंडळाच्या इमारतीवर गेली काही वर्षे राज्योत्सवाच्या दिवशी लाल-पिवळा ध्वज लागतो. तो कोणाच्या धाकाने लागतो, असे आमच्या एका स्नेह्यांचे मत आहे. आमचे मत तसे नाही. आणि असते, तरी तो धाकाने न लागता आपणहून लागावा, असे काही करणे आपल्याच हाती होते.

थोडे नियमांविषयी, कारण मुलाबाळांना ते घरी उपयोगी पडतील. ध्वज झपाट्याने चढवावा आणि सावकाश उतरवावा. फाटका, मळका ध्वज लावू नये. त्यावर काही लिहू नये. भिंतीवर उभा लावावयाचा झाल्यास केशरी पट्टा पाहणाऱ्याच्या डाव्या हातास यावा. हे आमच्या शेजारच्या इमारतीत दरवर्षी चुकते. जीर्ण झालेला ध्वज कचऱ्यात न टाकता एकांतात, शक्यतो जाळून, पूर्णपणे नष्ट करावा. प्लास्टिकच्या ध्वजांवर १ जुलै २०२२ पासून बंदीच आहे. तेव्हा पंधरा ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेले चिमुकले ध्वज कोणी उचलावेत, हा वाद आता तरी मिटावा.

अध्यक्ष महाराजांनी वेळेची जाणीव करून देण्यापूर्वी एक आनंदाची वार्ता सांगतो. मागील रविवारच्या बैठकीत खादीच्या ध्वजाचा ठराव मंजूर झाला. कोषाध्यक्षांनी दरातील फरक कोणत्या शीर्षाखाली टाकावा असे विचारले, तेव्हा तो आम्ही देतो असे म्हणालो. ते म्हणाले, छे, मंडळच देईल. काल हुबळीहून पार्सल आले. १३५० बाय ९०० चा ध्वज आहे, चक्राचा व्यास २८० मिलिमीटर. आम्ही तो खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरून पाहिला. आरे बरोबर बसले आहेत.

सव्वीस तारखेला सकाळी आठ वाजता ध्वजवंदन आहे. सर्वांनी साडेसातलाच जमावे. आदल्या संध्याकाळी बांधणी आम्ही स्वतः करणार आहोत. तो प्रश्न विचारणारा तरुण सभासद विजेरी धरून उभा राहण्यास कबूल झाला आहे. त्याला खुंटी कालच दाखवून ठेवली आहे.